फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचाय? मग हा हिशेब आधी कागदावर मांडा

‘ऐंशी लाखांचा फ्लॅट, चोवीस हजार भाडं, शिवाय किंमत वाढतेच आहे.’ पुण्यात गुंतवणुकीसाठी फ्लॅट घेणाऱ्यांचा हिशेब बहुतेकदा एवढ्यावर संपतो. यातले तिन्ही आकडे खरे असले तरी त्यांतून परतावा कळत नाही. ऐंशी लाखांचा फ्लॅट ऐंशी लाखांत पडत नाही, चोवीस हजार भाड्यातले चोवीस हजार हातात उरत नाहीत आणि वाढलेली किंमत पूर्णपणे आपली नसते. हे तीन फरक रुपयांत कसे काढायचे, ते इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊन दाखवले आहे. उदाहरण असे: पुणे महापालिका हद्दीतला, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेल्या आठ वर्षे जुन्या इमारतीतला दोन बेडरूमचा रीसेल फ्लॅट, कार्पेट (घराच्या आतले वापरायचे क्षेत्र) ६८० चौरस फूट, किंमत ८० लाख रुपये. आकडे तुमच्या फ्लॅटचे घाला, पद्धत तीच राहील.

एक वही किंवा एक्सेलची एक शीट पुरे.

१. आधी दर कार्पेटवर आणा

एजंट ‘चौऱ्याऐंशीशेचा रेट आहे’ म्हणतो तेव्हा तो बहुधा सेलेबल एरियाचा, म्हणजे कार्पेटवर जिने-लॉबी वगैरेंचा वाटा चढवून येणाऱ्या क्षेत्राचा, दर सांगत असतो. आपल्या फ्लॅटचे कार्पेट ६८० आणि त्यावर ४० टक्के लोडिंग (हा चढवलेला वाटा) धरले तर सेलेबल ९५२ चौरस फूट होते. ८० लाखांना ९५२ ने भागले की ८,४०३ रुपये येतात, ६८० ने भागले की ११,७६५. फ्लॅट तोच, किंमतही तीच. शेजारच्या सोसायटीत लोडिंग ३० टक्के असेल तर तिथला ‘नऊ हजारांचा रेट’ प्रत्यक्षात स्वस्त पडतो: कार्पेटला ११,७००. म्हणून तुलना करायची ती फक्त कार्पेटवर. रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि स्वतंत्र टेरेस धरत नाहीत. जुन्या करारनाम्यात क्षेत्र बिल्टअप (बाहेरच्या भिंतींसह) लिहिलेले असते आणि चौरस मीटरमध्ये असते. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. शंका असेल तर टेप घेऊन खोल्या मोजा. अर्ध्या तासाचे काम आहे.

दर खरा आहे का, हे जाहिरातींवरून कळत नाही, कारण जाहिरातीत मागितलेली किंमत असते, मिळालेली नाही. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करता येते. तिथे गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) पाहता येतो आणि त्यावर मोबदला व बाजारमूल्य दोन्ही छापलेले असतात. त्याच सोसायटीतले गेल्या वर्षातले तीन-चार व्यवहार काढा. घासाघीस करताना हा कागद हातात असणे आणि नुसते ‘जरा कमी करा’ म्हणणे यांत मोठा फरक पडतो.

त्याच बैठकीत रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दरही काढून ठेवा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. शिवाय रेकनर मूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाले, तर मधला फरक तुमचे उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. ‘स्वस्तात मिळाला’ म्हणून आनंदात असलेला खरेदीदार इथे अडकतो.

२. फ्लॅट हातात पडेपर्यंतचा खर्च

आपल्या उदाहरणात तो असा येतो:

- मुद्रांक शुल्क ७ टक्के: ५,६०,०००
- नोंदणी फी: ३०,०००
- एजंटची दलाली १ टक्का: ८०,०००
- वकील आणि तीस वर्षांचा टायटल सर्च (मालकीच्या नोंदींची तपासणी): २०,०००
- सोसायटीचे हस्तांतरण प्रीमियम: २५,०००
- कर्जाची प्रोसेसिंग फी, जीएसटीसह: १५,०००
- गहाणखताचे शुल्क: १६,०००
- भाड्याने देण्यालायक करण्याचा खर्च: २,५०,०००
- वीज मीटर नावावर करणे, झेरॉक्स, किरकोळ: ४,०००

बेरीज बरोबर १० लाख. म्हणजे फ्लॅट ९० लाखांना पडला. इथून पुढे परतावा काढताना भागायचे ते ९० ने, ८० ने नव्हे.

काही ओळींबद्दल थोडे जास्त. पुणे महापालिकेत ७ टक्के म्हणजे ५ टक्के मूळ शुल्क, १ टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार आणि १ टक्का मेट्रोचा. मुंबईत ६ टक्के आहे. हद्द बदलली की दर बदलतो, म्हणून गाव महापालिकेत आहे की बाहेर हे आधी तपासा. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतल्यास १ टक्का सवलत मिळते. इथे ते थेट ८० हजार रुपये होतात. नवऱ्याचे नाव सोबत लावले की सवलत जाते. नोंदणी फी १ टक्का असते, पण ३० लाखांवरच्या मिळकतीला ३० हजारांवर थांबते.

सोसायटीचे हस्तांतरण प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार घेता येते. ‘आमच्या सोसायटीत दोन टक्के विकास निधी देतात’ असे सेक्रेटरी म्हणाले, तर ती देणगी आहे आणि देणगी सक्तीची नसते. ही रक्कम विकणारा देणार की घेणारा, हे टोकन देण्याआधी ठरवा. नंतर दोघेही ‘तुम्ही देणार होतात’ म्हणतात.

गहाणखताच्या ओळीतले मुद्रांक शुल्क कर्जाच्या ०.३ टक्के आहे, म्हणजे ५० लाखांवर १५ हजार. वरचे हजारभर नोटीस दाखल करण्याचे. बँकेच्या ‘झिरो प्रोसेसिंग फी’ ऑफरमध्ये हे धरलेले नसते.

अडीच लाखांत काय येते? रंग, पंखे-दिवे, गिझर, किचन ट्रॉली, दोन बेडरूमची कपाटे, जाळीचे दरवाजे, गळके नळ. यापेक्षा जास्त खर्च करू नका. फॉल्स सीलिंग आणि वॉलपेपरने भाडे वाढत नाही; कपाटे, गिझर आणि किचन ट्रॉलीने वाढते.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरावा लागतो. आपल्याकडे ते ८० हजार. हा वरचा खर्च नाही, विकणाऱ्याच्याच पैशातून जातो. पण भरायला उशीर झाला तर व्याज आणि विलंब शुल्क तुमच्या माथी. विकणारा परदेशात राहणारा असेल तर १ टक्क्याचा नियम लागत नाही. कर बराच जास्त कापावा लागतो, आणि कापला नाही तर वसुली तुमच्याकडून होते. मालक अमेरिकेत आणि व्यवहार कुलमुखत्यारपत्रावर, असे फ्लॅट पुण्यात भरपूर आहेत, म्हणून हे आधीच विचारा.

३. भाडे: मागितलेले नव्हे, मिळालेले

संकेतस्थळांवरची भाडी पाच ते दहा टक्के फुगवलेली समजा. खरी माहिती दोन ठिकाणी मिळते: सोसायटीचा वॉचमन आणि भाडेकरार नोंदवून देणारा एजंट. त्याच सोसायटीत गेल्या सहा महिन्यांत दिलेल्या तीन फ्लॅटची भाडी विचारा आणि प्रत्येक वेळी तीन उपप्रश्न जोडा. मेंटेनन्स भाड्यात धरलेला आहे की वेगळा? फर्निचर काय काय आहे? आणि फ्लॅट किती दिवस रिकामा होता? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि वर्षाचा हिशेब बिघडतो तो तिथेच.

आपले भाडे २४ हजार, मेंटेनन्स त्यात धरून. वर्षाचे २,८८,०००. एक महिना रिकामा धरा. अकरा महिन्यांचा करार संपला, भाडेकरू गेला, रंग दिला, नवा शोधला, यात महिना सहज जातो. हाती येणार २,६४,०००.

४. वर्षभरात त्यातून काय जाते

सोसायटी मेंटेनन्स ३,५०० रुपये दरमहा, वर्षाचे ४२,०००. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे) लावते. २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. मेंटेनन्समधले सेवाशुल्क ३,००० धरले तर महिना ३००, वर्षाचे ३,६००. ‘भाड्याच्या दहा टक्के’ असा अर्थ लावून २,४०० मागणाऱ्या सोसायट्या आहेत. आदेशाची प्रत दाखवली की विषय सहसा मिटतो.

मिळकतकरात नवखे लोक हमखास फसतात. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत देते. विकणारा स्वतः तिथे राहत असेल तर तो दाखवेल ती पावती सवलतीची असते; तुम्ही भाड्याने दिलात की सवलत जाते. म्हणून पावतीवर सवलत लागली आहे का ते बघा आणि सवलतीविनाचा आकडा धरा. उदाहरणात २२,००० धरले आहेत.

भाडेकरू शोधून देणारा एजंट एक महिन्याचे भाडे घेतो. भाडेकरू सरासरी दोन वर्षे टिकतो असे धरले तर वर्षाला १२,०००. दुरुस्ती १५,०००, कारण दर तीन वर्षांनी रंग आणि मधेअधे गिझर, मोटर, बाथरूमची गळती येतेच. विमा ३,०००.

राहिला करार. लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, नोंदणी कायद्याने सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची. शुल्क मात्र किरकोळ आहे: एकूण भाडे अधिक अनामत रकमेवर वर्षाला १० टक्क्यांनी येणारी रक्कम, या बेरजेच्या ०.२५ टक्के. अकरा महिन्यांचे भाडे २,६४,०००. ७५ हजार अनामतीवर अकरा महिन्यांचे ६,८७५. दोन्हींच्या बेरजेवर शुल्क ६७७ रुपये. वर शहरी भागात नोंदणी फी १,०००. हा खर्च आणि घरी येऊन बोटांचे ठसे घेणाऱ्याची फी भाडेकरूबरोबर वाटून घ्यायची पद्धत आहे. आपल्या वाट्याला १,४०० धरू. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणे विसरू नका. ते ऑनलाइन होते.

बेरीज ९९,०००. उरले १,६५,०००.

आता दोन भागाकार करा. २,८८,००० भागिले ८० लाख म्हणजे ३.६ टक्के. जाहिरातीतला आणि एजंटच्या तोंडचा परतावा हाच. १,६५,००० भागिले ९० लाख म्हणजे १.८३ टक्के. तुमचा परतावा हा. जवळजवळ निम्मा, आणि अजून आयकर गेलेला नाही.

यात न धरलेले एक: इमारत पंधरा वर्षांची झाली की लिफ्ट बदलणे, वॉटरप्रूफिंग, बाहेरून रंग अशी कामे निघतात आणि सोसायटी प्रत्येक फ्लॅटमागे ठरावीक रक्कम मागते. फ्लॅट घेण्याआधी सोसायटीचा शेवटचा ताळेबंद मागून सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या निधीत) किती आहे ते पाहा. फंड रिकामा आणि गच्ची गळकी असेल, तर पुढच्या पाच वर्षांत लाखभर रुपये बाजूला धरा.

५. आयकर

कर्ज नसेल तर हिशेब सोपा आहे. भाडे २,६४,०००, त्यातून भरलेला मिळकतकर २२,००० वजा, उरलेल्या २,४२,००० तून ३० टक्के सरसकट वजावट ७२,६००. करपात्र १,६९,४००. ही ३० टक्के वजावट मिळाली की मेंटेनन्स, रंग, दलाली यांची वेगळी वजावट नाही. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे ५२,८५३ रुपये. हातात १,१२,१४७. परतावा १.२५ टक्के.

कर्ज असेल तर व्याज वजा होते आणि बहुधा भाड्यावरचा कर शून्य होतो. व्याज भाड्यापेक्षा जास्त असेल तर तो तोटा जुन्या करपद्धतीत पगारातून वर्षाला २ लाखांपर्यंत वजा करता येतो. नव्या पद्धतीत पगारातून वजा होत नाही. ‘होमलोनने टॅक्स वाचतो’ हे वाक्य जुन्या पद्धतीच्या काळातले आहे. तुम्ही नव्यात गेला असाल तर तो फायदा तुमच्या शीटमध्ये शून्य लिहा.

परदेशात राहून पुण्यात फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांसाठी एवढेच: भाडेकरूला तुमच्या भाड्यातून ३० टक्क्यांनी, उपकरासह, टीडीएस कापणे भाग असते. बऱ्याच भाडेकरूंना हे माहीत नसते आणि कळले की ते दुसरा फ्लॅट शोधतात. रिकामा काळ जास्त धरा.

६. कर्ज

बँक किती देईल? रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा. आणि किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी धरत नाहीत. म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटला जास्तीत जास्त ६४ लाख, उरलेले १६ लाख आणि वरचे १० लाख असे २६ लाख रोख जवळ हवेत. ‘वीस टक्के भरले की झाले’ समजून टोकन देणारे ऐनवेळी सोने गहाण टाकतात किंवा वैयक्तिक कर्ज काढतात. त्याचा व्याजदर घरकर्जापेक्षा बराच चढा.

आपण ५० लाख कर्ज धरू: ८.५ टक्के, २० वर्षे. हप्ता ४३,३९१. वर्षाचे ५,२०,६९२ भरले जातात आणि पहिल्या वर्षी त्यातले ४,२१,००० व्याजाचे असतात. मुद्दल एक लाखही फिटत नाही. भाड्यातून खर्च वजा जाता १,६५,००० येतात. म्हणजे दरमहा खिशातून २९,६४१ रुपये. ‘भाड्यात हप्ता निघतो’ हे पुण्या-मुंबईत वीस वर्षांच्या कर्जावर निघत नाही. ते निघायला एकतर कर्ज फार कमी असावे लागते किंवा व्याजदर. हे साधारण तीस हजार दहा वर्षे, नोकरी बदलली तरी, भरता येतील का हा प्रश्न परताव्याच्या आधीचा आहे. हप्त्याच्या सहा महिन्यांइतकी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय सही करू नका. व्याजदर अर्धा टक्का वाढला तर हप्ता लाखामागे सुमारे ३२ रुपयांनी चढतो. ५० लाखांवर महिना सोळाशे.

७. विकताना काय उरते

आता दहा वर्षांनी विकतो असे धरा आणि किमतीच्या वाढीचे तीन दर घ्या: वर्षाला ३, ५ आणि ८ टक्के. एकच दर घेऊन हिशेब करू नका, कारण मग आपण आवडता दर घेतो.

५ टक्क्यांनी ८० लाखांचे १ कोटी ३० लाख ३० हजार होतात. दलाली, रंगरंगोटी, सोसायटी मिळून २ लाख गेले. भांडवली नफ्यासाठी खरेदीखर्च धरायचा तो किंमत, मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, वकील मिळून ८७ लाखांच्या आसपास. पंखे-कपाटे त्यात धरत नाहीत. नफा सुमारे ४१ लाख ३० हजार. दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या घरावर आता १२.५ टक्के कर, उपकरासह १३. महागाईनुसार खरेदीकिंमत वाढवून घेण्याची सोय २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घरांना नाही. त्याआधीच्या घरांना निवासी व्यक्ती २० टक्क्यांचा जुना मार्ग निवडू शकतात. कर सुमारे ५ लाख ३७ हजार. हातात १ कोटी २३ लाखांच्या आत.

एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत उणे ९० लाख लिहा, पुढच्या दहा ओळींत करानंतरचे भाडे (पहिले १.१२ लाख, पुढे दरवर्षी ५ टक्के वाढ), शेवटच्या ओळीत विक्रीची रक्कम मिळवा आणि आयआरआरचे (वेगवेगळ्या वेळी गेलेल्या-आलेल्या पैशांवरून वार्षिक परतावा काढणारे) सूत्र लावा. कर्ज न काढता घेतलेल्या या फ्लॅटचा वार्षिक परतावा असा येतो:

- किंमत ३ टक्क्यांनी वाढली तर ३ टक्क्यांच्याही आत
- ५ टक्क्यांनी वाढली तर साडेचार टक्के
- ८ टक्क्यांनी वाढली तर ७ टक्के

तिन्ही ठिकाणी परतावा किमतीच्या वाढीपेक्षा थोडा कमीच आहे, भाडे धरूनसुद्धा. भाडे एका हाताने जे देते ते मुद्रांक शुल्क, दलाली आणि कर दुसऱ्या हाताने नेतात. घातलेले ९० लाख नुसते परत यायलाही फ्लॅट ९२ लाखांच्या थोडा वर विकला जायला हवा. ५ टक्क्यांच्या वाढीने त्याला जवळजवळ तीन वर्षे लागतात. तीन वर्षांच्या आत विकायची शक्यता असेल तर घेऊच नका.

आता कर्जासह तीच शीट. सुरुवातीला ४० लाख, दरवर्षी हप्त्याला कमी पडणारी रक्कम, आणि दहाव्या वर्षी विक्रीतून उरलेले कर्ज वजा. दहा वर्षांत ५२ लाखांचे हप्ते भरूनही साधारण ३५ लाख मुद्दल शिल्लक असते, हे बहुतेकांना पहिल्यांदा पाहताना खरे वाटत नाही. किंमत ५ टक्क्यांनी वाढली तर परतावा साडेचारवरून पावणेतीन टक्क्यांवर येतो. ८ टक्क्यांनी वाढली तर ७ च्या आसपासच राहतो. कारण साधे आहे: साडेआठ टक्क्यांनी घेतलेले पैसे साडेचार टक्के देणाऱ्या वस्तूत घातले. कर्जाने परतावा वाढायला या उदाहरणात किंमत वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त वाढावी लागते. तुमच्या भागात गेल्या दहा वर्षांत तसे झाले का, हे इंडेक्स टू वरून काढता येते: त्याच सोसायटीतला दहा वर्षांपूर्वीचा व्यवहार आणि आजचा.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेत असाल तर

शीटमध्ये चार बदल करा. पहिला जीएसटी: ५ टक्के, म्हणजे ८० लाखांवर ४ लाख. ४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घरांना १ टक्का. त्यात कार्पेटची मर्यादा मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर आणि पुण्यात ९०. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही, त्यामुळे हे चार लाख पुढच्या खरेदीदाराकडून वसूल होत नाहीत.

दुसरा बदल वेळेचा. ताबा तीन वर्षांनी असेल तर तीन ओळींत भाडे शून्य, आणि बँकेने बिल्डरला दिलेल्या रकमेवरचे व्याज मात्र चालू. करारातल्या तारखेला आणखी एक वर्ष जोडून हिशेब करा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मूळ तारीख आणि मुदतवाढ दोन्ही दिसतात. त्याच बिल्डरचे आधीचे प्रकल्प उघडून मुदतवाढी मोजा.

तिसरे, किमतीबाहेरची देणी: पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), वीज-पाणी जोडणी, सोसायटी स्थापना, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ आकडा लेखी मागा. उघडे पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. आणि चौथे: नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. चेक तेवढ्याचाच द्या.

आकडे उलटवणाऱ्या गोष्टी

विकणारा ‘दहा लाख रोख द्या, कागदावर सत्तर दाखवू, तुमचंही शुल्क वाचेल’ म्हणतो. मुद्रांक शुल्कात ७० हजार वाचतात. पण पुढे तुम्ही विकाल तेव्हा खरेदीकिंमत ७० लाख धरली जाईल आणि त्या दहा लाखांवर १३ टक्के, म्हणजे १ लाख ३० हजार कर तुम्ही भराल. वर बँकेचे कर्ज कागदावरच्या किमतीवर मिळते. बेकायदा तर आहेच, तोट्याचेही आहे.

जुनी इमारत पुनर्विकासाच्या आशेने घेत असाल तर सोसायटीच्या नावावर अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीकडे देणे) झाले आहे का, हे मिळकतपत्रिकेवर पाहा. जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावे असेल तर पुनर्विकास वर्षानुवर्षे लांबतो. त्या आशेपोटी जास्तीची किंमत मोजू नका.

भोगवटा प्रमाणपत्र नसलेला फ्लॅट दहा-पंधरा टक्के स्वस्त मिळतो. तुम्ही विकाल तेव्हाही तो तेवढाच स्वस्त जाईल, आणि घेणाऱ्याला बँक कर्ज देईलच असे नाही.

शेवटी, उलटा हिशेब

शीट तयार झाली की तिच्यातून बोलीची रक्कम काढता येते. भाड्यातून करापूर्वी निव्वळ २ टक्के तरी मिळावेत असे तुम्ही ठरवले, तर १,६५,००० भागिले ०.०२ म्हणजे एकूण खर्च ८२ लाख ५० हजारांवर जाता कामा नये. त्यातून किमतीवर अवलंबून नसलेला खर्च (फी, वकील, कर्ज, रंग-कपाटे) ३ लाख ६० हजार वजा करा: ७८ लाख ९० हजार. किमतीबरोबर वाढणारे मुद्रांक शुल्क आणि दलाली मिळून ८ टक्के, म्हणून १.०८ ने भागा. उत्तर ७३ लाख ५ हजार. अडीच टक्के हवे असतील तर हाच आकडा ५७ लाख ८० हजारांवर येतो, आणि त्या किमतीला तो फ्लॅट कोणी देणार नाही. तेव्हा बैठकीला जाताना वहीत वर ७३ लिहा, खाली त्या सोसायटीतले तीन इंडेक्स टू लावा, आणि एजंटने ऐंशी म्हटल्यावर बोली सत्तरपासून सुरू करा.